शहाण्णव तुकडे

आम्ही मागितली होती खोली.
दहा बाय बारा, वर पत्रे, आतून कडी,
पोरींना कपडे बदलता यावेत म्हणून.
प्रस्तावाला सगळं जोडलं होतं:
मंडळाची नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट,
तीन दरपत्रकं, त्यातली दोन एकाच हाताची, शाई बदलून,
आणि अध्यक्ष हिलालअण्णांचा असा फोटो
की ते स्वतःच विचारतात, हा कोण?
लाभार्थी संख्या: चौदा.

धरणगाव ते जळगाव सहा चकरा.
जिनिंगच्या काट्यावर बसणारा माणूस मी,
मला वजन कळतं.
मांडीवरची फाईल दर चकरेला
पाळधी येईपर्यंत जड होत जायची.

साहेब म्हणाले, बांधकामाचं हेड वेगळं असतं, नाना.
साहित्यात बसवा.
बसवलं.

अठ्ठावीस मार्चला पैसे आले.
एकतीसच्या आत खर्च दाखवा.
टेम्पोतून मॅट उतरली,
निळी-पिवळी, शहाण्णव तुकड्यांची,
कडांना दात, एकमेकांत अडकणारे.
काळ्या मातीत गुडघे सोलून घेतलेल्या पोरी
तिच्यावर अनवाणी उभ्या राहिल्या
नि बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग अश्विनी बडगुजर मुद्दाम पडली.
उठली. पुन्हा पडली.
मग सगळ्याच पडायला लागल्या.

पण ठेवायची कुठे?
उन्हाळा-पावसाळा जिनिंगच्या रिकाम्या गोदामात निघाला.
दसऱ्याला पहिला कापूस आला.
शेठ म्हणाले, नाना,
तुझं निळं काढ आता, माझं पांढरं येतंय.

त्या संध्याकाळी काट्याच्या पावतीमागे भागाकार केला.
बाराजणींना सात-सात.
दोघींना सहा:
एक निकिता कंखरे, तिचा गुडघा अजून सुजतो,
दुसरी तनू, जिचे पाय सायकलवरून जमिनीला पुरत नाहीत.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला
मैदान घराघरांतून चालत येतं.
कुणाच्या कॅरियरवर, कुणाच्या डोक्यावर,
करिश्मा तडवीचं बापाच्या अ‍ॅपे रिक्षातून,
कोथिंबिरीच्या जुड्यांखालून.
कुणाच्या तुकड्याला चुलीच्या धुराचा वास,
कुणाच्यावर धाकट्या भावाचं सांडलेलं दूध,
एकीच्यावर खडूनं ओढलेली बोनस रेघ.
घर झोपलं की ती त्यावर
एक पाय अधांतरी धरून उभी असते म्हणे.

हजेरीपट लागत नाही.
जी येत नाही, तिची जागा उघडी पडते,
सात तुकड्यांएवढी काळी माती,
आणि चढाईला निघालेली पोर
तिला वळसा घालून जाते,
तिथं कुणी बसलं असावं तशी.

उपयोगिता प्रमाणपत्रात रकाना आहे:
साहित्य ठेवण्याचे ठिकाण.
जागा एका ओळीची.
मी मागच्या पानावर चौदा पत्ते लिहिले.
भिलाटी. कोष्टीवाडा. पिठाच्या गिरणीमागे.
स्टेशन रस्ता, दार नसलेलं तिसरं घर.
फाईल परत आली.
त्रुटी: एकच ठिकाण नमूद करावे.

परवा सरला भील आली नाही.
मातीभोवती खेळायची तयारी चालली होती,
तेवढ्यात नाल्याकडून तिची आई येताना दिसली,
कापूस वेचायला निघालेली, कमरेला झोळी,
डोक्यावर सात तुकडे.
"पोरले ताप शे, मास्तर.
पन खेय नका थांबाडू."

मास्तर नाही मी. पण बोललो नाही.

तिनं स्वतःच वाकून तुकडे बसवले.
एक उलटा बसला, तो तनूनं गुपचूप सरळ केला.
मग चपला बाजूला काढून
ती त्यावर उभी राहिली,
एकदाच, टाच दाबून,
काट्यावर उभं राहावं तशी.

"मऊ शे," म्हणाली,
आणि वावराच्या वाटेला लागली.

त्रुटीचं उत्तर अजून द्यायचंय.